हॅनामावशी

गाडीत एकाच लेकराची जागा उरली होती, आणि तीही कुणाच्या तरी मांडीवर.

‘धाकटीला द्या,’ गाडीवाला म्हणाला. ‘लवकर द्या. वारा फिरला तर खेचरं हा चढ चढायची नाहीत.’

त्याच्या दाढीत बर्फ अडकलं होतं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून आम्हा अडकलेल्यांना सोडवायला आलेल्यांपैकी तो पहिला माणूस. त्याच्या गाडीत आजारी माणसं आणि लहान मुलं इतकी दाटीनं बसवली होती, की कुणाचे पाय कुणाचे ते कळत नव्हतं. आईनं रुतीला छातीशी धरलं होतं. रुती दोन वर्षांची होती. भुकेनं ती रडेनाशी झाली होती, नुसती बघत राहायची.

‘दोन मुली,’ आई तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली. ‘दोघींना घ्या.’

‘मोठी चालू शकते.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘चालशील ना गं?’

मी बारा वर्षांची होते. मान हलवली.

आईनं रुतीला वर उचलून दिलं. गाडीतल्या एका म्हातारीनं तिला मांडीवर घेतलं आणि गोधडी ओढली. आईनं गाडीवाल्याची बाही धरली.

‘तिचं नाव रूथ. रूथ हॉब्स. मी मागून येते. तुमचं नाव काय?’

‘जोसाया हॅलम. खोऱ्यात कुणालाही विचारा.’

‘जपाल?’

‘माझ्या घरी नेऊन ठेवतो. बायको आहे माझी. ती जपेल.’

गाडी हलली तेव्हा रुतीनं एकदाच ‘आये’ म्हणून हाक मारली. आई गाडीच्या फळीवर हात ठेवून चालत राहिली. चढ लागला, बर्फ गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा हात सुटला. ती परत आली आणि मला म्हणाली, ‘चल, काटक्या हुडक.’

माझी आई भिवरा, पुण्याजवळच्या खडकीची. तिचा बाप छावणीतल्या तोफखान्याच्या घोड्यांना गवत पुरवायचा. माझे वडील एडविन हॉब्स त्याच तोफखान्यात गोरे शिपाई होते. छावणीच्या चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं आणि भिवराची हॅना झाली. पुढे अमेरिकेतून दोन प्रचारक आले. ते स्वतःला संत म्हणवायचे, लोक त्यांना मॉर्मन म्हणायचे. डोंगरापलीकडे खारट तळ्याच्या काठी देवाचं नगर वसतंय, तिकडे चला, असं ते सांगत. बराकीतले शिपाई हसले. पापा हसले नाहीत. ते दारू सोडायची धडपड करत होते आणि जमत नव्हतं. त्या दोघांनी ती सोडवली. पुढचं सगळं त्यातून आलं. आईनं मुळा नदीच्या पाण्यात बुडी मारून बाप्तिस्मा घेतला, पापांनी पलटण सोडली, आणि आम्ही मुंबईहून गलबतात बसलो. इंग्लंडात पापांच्या गावी काही काळ थांबलो, तिथे रुती झाली. ती पापांसारखी गोरी, भुऱ्या केसांची. मी, इस्तर, आईच्या रंगाची.

अमेरिकेत आगगाडीचे रूळ संपले तिथून पुढे बैलगाड्या थोड्यांच्याच नशिबी होत्या. आम्हाला हातगाडी मिळाली. त्या मोकळ्या माळावर आम्ही ती हातगाडी ओढत राहिलो. पापा आणि आई दांड्याला, मी मागून रेटायला, रुती वर बोचक्यांत. निघायला उशीर झाला होता. डोंगर दिसायला लागले तोच बर्फ पडायला लागलं. पीठ आधी अर्धं झालं, मग पाव. एका सकाळी पापा दांडा धरून उभे राहिले आणि तसेच खाली बसले. जमीन दगडासारखी झाली होती. जेवढं खणता आलं तेवढं खणलं आणि वर दगड रचले. आईनं रडायला वेळ मागितला नाही. मागितला असता तरी मिळाला नसता.

रुतीची गाडी गेली त्याच दुपारी वारा फिरला. आम्ही एका कड्याच्या आडोशाला अडकलो. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. रोज सकाळी काही माणसं उठत नसत. दुसऱ्या गाड्या पोचल्या तेव्हा आईला डाव्या पायाचं भान नव्हतं. खोऱ्यात पोचल्यावर त्या पायाची बोटं काढावी लागली.

एका खोगीर शिवणाऱ्या कुटुंबानं आम्हाला त्यांच्या कोठीत जागा दिली. आईचा ताप उतरला तशी ती पहिलं वाक्य बोलली, ‘हॅलम कुठं हाय, इचार.’

मी विचारलं. हॅलम बायकोला घेऊन उत्तरेकडच्या नव्या वस्तीत राहायला गेला होता. वाटेतली खिंड बर्फानं बंद होती. वसंतापर्यंत कुणी जाणार नव्हतं.

त्या हिवाळ्यात आई भिंतीला धरून चालायला शिकली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जखम भरायच्या आत चालायची, फडक्यातून रक्त यायचं.

‘एवढी घाई कशाला, आये?’ मी म्हणाले. ‘रुती कुठं जातीय?’

‘ल्हान पोर इसरतं, इस्तर,’ ती म्हणाली. ‘लई लवकर इसरतं.’

खिंड उघडली तशी बियाण्यांच्या पहिल्या गाडीत बसून आम्ही निघालो. वस्ती कसली, ओढ्याकाठी लाकडी ओंडक्यांची थोडी घरं. हॅलमचं घर टोकाला होतं. आई काठी टेकत पुढे गेली. मी मागे.

दारात एक उंच, हडकुळी बाई उभी होती. हात पिठानं भरलेले. कडेवर रुती.

रुती भरली होती. केस विंचरलेले, पायात बूट. मी धावत सुटणार, एवढ्यात आईनं माझं मनगट पकडलं.

‘सिस्टर, काम नाही हो आमच्याकडे,’ ती बाई म्हणाली. संत सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणत. आवाज मऊ होता. आमच्या रंगाकडे आणि काठीकडे बघून तिनं तसं समजणं साहजिक होतं. ‘पण टेका जरा. ताक देते.’

‘रुती,’ आई म्हणाली.

पोरीनं तोंड फिरवलं आणि त्या बाईच्या मानेत खुपसलं.

‘तिचं नाव क्लारा,’ बाई म्हणाली.

आईनं हात पुढे केले. बाई क्षणभर थांबली, मग पोर दिली. आईनं तिला खांद्याशी धरलं, केसांतून हात फिरवला, आणि रुती किंचाळली. पाठीची कमान केली, लाथा मारल्या, दोन्ही हात त्या बाईकडे पसरून ‘ममा, ममा’ करत राहिली. आई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, आपल्याच भाषेत. रुतीला त्यातलं एक अक्षर ओळखीचं राहिलं नव्हतं. रडता रडता तिचा श्वास अडकला, ओठ काळे पडले. आईनं तिला परत दिलं. मर्सीच्या, म्हणजे त्या बाईच्या, खांद्यावर डोकं टेकताच ती शांत झाली.

मागे कुणीतरी येऊन थांबलं होतं. हॅलम. खांद्यावर कुदळ. आईला त्यानं ओळखलं.

‘मर्सी, आत जा,’ तो म्हणाला. ‘मी बोलतो यांच्याशी.’

तो आम्हाला गोठ्यात घेऊन गेला. 

‘मला वाटलं, तुम्ही गेलात,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांनी सांगितलं, त्या कड्याखाली कुणी उरलं नाही म्हणून.’

आई काठीवर रेलून ऐकत होती.

‘आमची तीन मुलं गेली, सिस्टर. तिसरं मी तुमच्याकडे यायला निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात. परत आलो तर मर्सी खाटेला खिळलेली. खात नव्हती, पीत नव्हती. मी पोर तिच्या कुशीत ठेवली. तिनं विचारलं, कुणाची? मी म्हटलं, हिचं कुणी नाही. आता तुझी.’ त्यानं कुदळ भिंतीला टेकवली. ती घसरून पडली, त्यानं उचलली नाही. ‘पण पोर तुमची आहे. आज घेऊन जा. मर्सीला मी सांगतो.’

पण तो जागचा हलला नाही.

‘पोर नेली तर तुमची बायको जगेल?’ आईनं विचारलं.

‘देव जाणे.’

मी आईचा पदर ओढला. खरं तर पदर नव्हताच, खांद्यावरची फाटकी शाल होती. ‘आये, घे ना रुतीला. चल ना आपण.’

‘कुठं नेऊ?’ आई गवतावर बसली. ‘त्या खोगिराच्या कोठीत? ह्या पायानं?’ तिनं पायावरचं फडकं सोडलं आणि परत घट्ट बांधलं. ‘आन ती भ्याली मला. बगितलंस न्हवं?’

 गाय रवंथ करत होती. मग आई काठीवर रेटा देऊन उठली आणि हॅलमला म्हणाली, ‘ब्रदर हॅलम, संतांमध्ये दुसरी बायको चालते.’

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. ‘सिस्टर, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला—’

‘मी काम करीन. गाई, शेत, धुणं, सगळं. पोर तुमच्या बायकोची. मी कुणाला काही सांगणार नाही. मी फक्त इथे राहीन. परकी बाई घरात ठेवली तर लोक बोलतील. लग्न केलं तर बोलणार नाहीत.’

मला सगळं इंग्रजी समजत होतं. मी ओरडले, ‘पापांना जाऊन वरीस न्हाई झालं!’

आईनं माझ्या थोबाडीत मारली. जन्मात एकदाच. मग मला जवळ ओढून म्हणाली, ‘तुजा बाप गेला, इस्तर. रुती हाय.’

संतांच्या चालीप्रमाणे दुसऱ्या लग्नाला पहिल्या बायकोची संमती लागायची. वस्तीचे मुख्य, ज्यांना बिशप म्हणत, ते हॅलमच्या घरी आले. मर्सी चुलीजवळ बसली होती, क्लारा तिच्या मांडीवर पेंगत होती. मला खात्री होती, ती नाही म्हणेल. कालपरवा दारात आलेली, लंगडी, सावळी, भाषा धड न येणारी बाई. तिला कोण सवत करून घेईल?

‘सिस्टर हॅलम, तुझी खुशी आहे?’ बिशपांनी विचारलं.

मर्सीनं आईकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की बिशप खाकरले.

‘एक अट आहे,’ ती म्हणाली. ‘क्लारा माझ्याजवळ झोपेल. नेहमी.’

बिशपांना ते काहीतरी बायकी बोलणं वाटलं. ते हसले. आई म्हणाली, ‘हो.’

असं ते लग्न झालं.

घरामागे एक पडवी काढली, त्यात आई आणि मी. हॅलम वाईट माणूस नव्हता. आमच्या जेवणाखाण्यात त्यानं कधी दुजाभाव केला नाही. पडवीत मात्र तो फारसा येत नसे, आणि आला तरी दाराशी उभा राहून गाईगुरांचं विचारून जाई. आईला त्याच्यापासून मूल झालं नाही. मर्सीलाही पुन्हा झालं नाही.

सकाळी दारात बसून मर्सी क्लाराचे केस विंचरायची. समोर गोठ्यात आई धार काढत असे. गाईच्या पोटाला डोकं टेकून ती तिरकी बघत राही, आणि कधीकधी चरवी भरून दूध खाली सांडे तरी तिला कळत नसे. क्लारासमोर ती आपल्या भाषेचा शब्द काढत नसे. माझ्याशी बोलायची ती गोठ्यात किंवा ओढ्यावर.

क्लारा तिला आँट हॅना म्हणे. मी मनात त्याचं हॅनामावशी करून घेतलं होतं. लहान होती तोवर पोर पडवीत यायची, आईच्या मांडीवर बसून मक्याचे दाणे सोलायची. आई तेव्हा श्वाससुद्धा जपून घ्यायची. पण आतून ‘क्लारा’ अशी हाक यायचीच. तिखट नव्हे, साधी हाक. आई लगेच तिला खाली उतरवी. ‘जा, आई बोलावतेय.’

मोठी झाल्यावर क्लारा यायची थांबली. संतांच्या मुलांना बापाच्या दोनदोन बायका असण्यात नवल नव्हतं, पण त्या आपल्यासारख्या दिसत. आई तशी दिसत नव्हती. लोक आम्हाला तिथल्या डोंगरातल्या आदिवासींपैकी समजत. एकदा प्रार्थनेनंतर शहरातून आलेल्या मुलींनी क्लाराला विचारलं, ही कोण. मी जवळच होते. ‘वडिलांची दुसरी,’ ती हळूच म्हणाली आणि दुसरा विषय काढला. आईनं ते ऐकलं. घरी येताना ती म्हणाली, ‘पोरगी उंच झाली. बापावर गेली.’

क्लाराच्या लग्नात पुढे मर्सी उभी होती. आई मागे भट्टीजवळ पाहुण्यांचे पाव काढत होती. मी तिला म्हणाले, निदान दाराशी तरी ये. ती म्हणाली, ‘पाव करपंल.’

क्लारा दोन डोंगर पलीकडच्या गावी नांदायला गेली. तिला मुलं झाली. हॅलम गेला. घरात दोघीच उरल्या, आणि जवळ मी, कारण माझं लग्न झालं ते शेजारच्याच घरी. दोघींत भांडण असं कधी ऐकलं नाही. गप्पाही ऐकल्या नाहीत. एकीची पाठ दुखली की मात्र सांगावं लागत नसे, दुसरी पाण्याची बादली उचले.

मग मर्सीच्या छातीत दुखणं शिरलं. क्लाराला निरोप धाडला होता. त्या दुपारी मर्सीनं मला आणि आईला जवळ बोलावलं.

‘हॅना,’ ती म्हणाली, ‘मला ठाऊक होतं.’

आई तिच्या कपाळावरचं फडकं बदलत होती. हात थांबला नाही.

‘पहिल्या दिवसापासून. ती तुझ्या हातात किंचाळत होती. तू तिच्या केसांत बोट घातलंस, कानाच्या वर. तिथे भाजल्याचा डाग आहे. केसांत झाकलेला. मलासुद्धा तो न्हाऊ घालताना महिन्यानं दिसला होता. तुझं बोट न बघता तिथेच गेलं.’ तिला धाप लागली. ‘जोसायाला वाटायचं, मला काही कळलं नाही. तो बिचारा तसाच गेला.’

 आई म्हणाली, ‘बोलू नका. त्रास होतोय.’

‘बोलू दे. मी हो का म्हटलं, ते तुला सांगायचंय. तुला हाकललं असतं तर कधीतरी तू परत आली असतीस, आणि मग तिला घेऊन गेली असतीस. नवरा वाटून देताना मला रडू आलं नाही असं समजू नकोस. पण नवरा वाटता येतो. मूल वाटता येईना मला.’

‘मलाही माहीत होतं,’ आई म्हणाली.

‘काय?’

‘तुम्हाला कळलंय ते. क्लारा माझ्याजवळ झोपेल म्हणालात, तेव्हाच.’

मर्सीनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. ‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘तुम्ही तरी कुठे बोललात?’

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. त्या खोलीत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघींना हात हातात घेतलेलं पाहिलं.

‘आता ती येतेय,’ मर्सी म्हणाली. ‘तिला सांग. मी आहे तोवर सांग, म्हणजे खरं आहे असं मी म्हणेन. मी गेल्यावर तुझं कोण ऐकेल?’

‘आधी तिला येऊ द्या,’ आई म्हणाली.

क्लारा आली ती धावतच. डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता खाटेशी कोसळली. ‘ममा,’ म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो मी आधी एकदा ऐकलेला होता. तिच्या डोक्यावरून मर्सीनं आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती. मर्सीचे ओठ हलले. आईनं मान हलवली, नाही, आणि ती पाणी तापवायला बाहेर गेली.

दिवस मावळायच्या आत मर्सी गेली. तिला आंघोळ आईनंच घातली.

मी आईला गोठ्यात गाठलं. ‘ती सांग म्हनत हुती, आये! तिच्या तोंडानं ती हो म्हनली आसती. का न्हाई सांगितलंस?’

‘आज तिची आय मरत हुती, इस्तर. त्याच वक्ताला कसं सांगू, का ती तुजी आय न्हवं म्हून?’

‘मग उद्या सांग.’

‘उद्या बी तिची आयच मेल्याली आसंल,’ आई म्हणाली.

त्यानंतर आई काही हिवाळे काढून गेली. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती उठून कामाला लागली. शेवटी शेवटी तिला इंग्रजी आठवेना, नुसती आपली भाषा राहिली. ती बोलायची ते सगळ्या वस्तीत मला एकटीला समजायचं.

क्लारा गेल्या वर्षी वारली, म्हणून आता हे सांगते आहे. तिची मुलं-नातवंडं त्या खोऱ्यात पसरली आहेत, आणि मर्सीच्या दगडावर दर वर्षी फुलं ठेवतात.

आईला पुरलं त्या दिवशी बर्फ नुकतं थांबलं होतं. क्लारा नवऱ्याबरोबर घसरगाडीतून आली. एवढ्या थंडीत तिनं यावं याचं लोकांना कौतुक वाटलं. माती लोटून झाली, माणसं पांगली, तरी ती माझ्याशेजारी उभी राहिली. भुऱ्या केसांत आता पांढरे आले होते.

‘तुझी आई फार राबली गं आमच्या घरात,’ ती म्हणाली. ‘मला नेहमी वाटायचं, परक्या मुलखात, परक्यांच्या घरी... तिचं आमच्याकडे मन रमलं असेल का?’

मी मातीकडे पाहत होते.

‘तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं,’ मी म्हणाले.

क्लाराला ते पटलेलं दिसलं. तिनं माझा दंड दाबला. तेवढ्यात गाडीतलं तिचं धाकटं लेकरू जागं होऊन रडायला लागलं, आणि ती शाल सावरत बर्फातून भरभर त्याच्याकडे गेली.